बोटांची फुली

मी एक जुनी गंगावणाची वेणी आहे. ज्या मुलीचे केस आखूड असतात तिच्या केसांत मला गुंफतात, वरून रिबीन बांधतात आणि झाली लांबसडक वेणी! मित्रांनो, "शी, दुसऱ्याचे केस!" म्हणून तुम्ही नाक मुरडलं असेल, तर आत्ताच सांगते. नाक मुरडणारी माणसं मी पोटभर पाहिली आहेत. आता मलाच त्यांची किळस येते.

माझा जन्म फणीत झाला. विंचरताना गळालेले केस बायका पिशवीत साठवतात आणि केसांवर भांडी देणारी बाई दारात आली की तिला देऊन टाकतात. अशा कितीतरी घरांतले केस एका कारागिराने धुतले, लांबीप्रमाणे निवडले आणि काळ्या दोऱ्याला बांधले. कोणता केस कोणत्या वस्तीतला, कोणत्या जातीचा, हे त्याने विचारलं नाही. मला डोक्यात घालणाऱ्या एकाही बाईनेसुद्धा ते कधी विचारलं नाही.

मला विकत घेतलं दारव्ह्याच्या विमलताईंनी. त्या मुलींचा नाचाचा वर्ग चालवत. कापसाचा भाव पडलेली ती वर्षं होती. घरातले हात आखडले की सगळ्यांत आधी पोरींचा नाच बंद होतो, त्यामुळे वर्ग रोडावला होता. तो भरायचा रामराव अडत्यांच्या रिकाम्या गोदामात. रामराव भाडं घेत नसत, आणि त्यांची मुलगी निकिता त्याच वर्गात नाचत असे.

तालुक्याच्या कार्यक्रमात ताईंच्या मुली दरवर्षी कापूस वेचणीचा नाच करत. बाकीच्या गोलात आणि एक जण मध्ये. वर्गाची रीतच होती, जी मध्ये नाचेल तिने मला घालायचं. तिने गिरकी घेतली की मीही गरकन फिरायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. ताई मला खोबरेल लावून खिळ्याला टांगत. त्या मानाची मला चटक लागली होती, खोटं कशाला सांगू?

मग साधना आली. टायफॉईडमध्ये केस गळाले म्हणून आईने तिचे केस बारीक कापलेले होते. पण पाय असे पडायचे की ताई ठेका द्यायला विसरत. त्या वर्षी ताईंनी निकिताच्या डोक्यातून मला सोडलं आणि साधनाच्या आखूड केसांत कसंबसं गुंफलं. साधनाने मागे हात नेऊन मला दोनदा चाचपून पाहिलं आणि खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी ताई यायच्या आधी निकिताने मला खिळ्यावरून दोन बोटांच्या चिमटीत उचललं.

"शी! हिच्यात साधनाच्या उवा पडल्या अस्तीन. आमची आई म्हणते, त्यायच्या वस्तीतलं काही अंगाले लावाचं नाई."

मग तिने ती बोटं शेजारच्या मुलीच्या दंडाला पुसली. "साधनाची लागली!" त्या मुलीने तिसरीला पुसलं. जिने दोन बोटांची फुली केली ती सुटली. असा खेळ सुरू झाला आणि तो रोज चालला. साधनाशेजारी कोणी बसेना. गोलात तिचा हात धरायची वेळ आली की मुली बाह्या खाली ओढून घेत. सगळ्यांत मोठ्याने हसायची नयन. वर्गाबाहेर तीच साधनाची मैत्रीण होती, हे विशेष.

मित्रांनो, उवा काही जात विचारून डोक्यावर चढत नाहीत. एवढी अक्कल उवांना असते, माणसांना नसते.

साधनाच्या डोक्यात एकही ऊ नव्हती. मी तिथेच होते, मला माहीत आहे. पण एके दिवशी ती आली तेव्हा तिच्या केसांना रॉकेलचा भपकारा येत होता. आई कामावर गेल्यावर तिने स्टोमधलं रॉकेल काढून डोक्याला चोळलं होतं. टाळू लालभडक झाली होती. घाम आला की तिला चरचरायचं, तरी ती नाचत राहिली. एका लेकराने स्वतःच्याच डोक्याची एवढी घाण वाटून घ्यावी!

आणि ताईंनी काय केलं? त्यांच्या कानावर उवांची गोष्ट गेली होती. त्यांनी सगळ्यांसमोर साधनाला पायरीवर बसवलं, मांडीवर पांढरं फडकं पसरलं आणि तिचं डोकं विंचरलं. फक्त तिचंच. फडकं कोरंच राहिलं. "पाहा, काही नाही," असं त्या म्हणाल्या आणि त्यांना वाटलं, मिटलं. मग हळूच म्हणाल्या, "साधना, तू आपलं वेगळंच गंगावण आण बाई, म्हणजे कटकट नको." निकिताला त्या काहीच बोलल्या नाहीत. गोदामाच्या मालकाच्या पोरीला बोलणार कोण? मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवसापासून साधना आली नाही. मला पुन्हा निकिताच्या डोक्यात बांधलं. कार्यक्रमात टाळ्या पडल्या, पण त्या मला गोड लागल्या नाहीत.

मग एका दुपारी भर वर्गात साधनाची आई नलू आली. साधना तिच्या मागे पदर धरून उभी होती.

"बाई, माह्या पोरीच्या डोक्यात काय सापडलं होतं तुमाले?"

"काहीच नाही," ताई म्हणाल्या.

"मंग तिले वेगळं आणाले काहून सांगतलं? डोस्कं पाहा तिचं. कातडी निंगून राह्यली. नाच कराची पोरगी, आता कोपऱ्यात बसून राह्यते."

तेवढ्यात नयन रडायलाच लागली.

"काकू, उवा माह्या डोक्यात हायेत. पयल्यापासून. मले वाटे, मी हासली नाई तं माहं डोस्कं पाह्यतीन."

आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून! पण पुढे जे झालं ते ऐका. नयनचं बोलणं संपायच्या आत निकितासकट सगळ्या मुली मागे सरकल्या आणि सगळ्यांच्या बोटांची फुली झाली. "नयनची लागली!" कोणीतरी ओरडलं.

तो खेळ ताई पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होत्या. उवा साधनाच्या डोक्यात नव्हत्या हे कळलं होतं, तरी खेळ थांबला नव्हता. त्याला दुसरं डोकं मिळालं होतं, एवढंच.

"सोडा ती बोटं," त्या म्हणाल्या. "उवा फणीनं निघतात. तुम्ही करता आहात ते कशानं निघेल?"

त्यांनी नयनला जवळ ओढलं. मग साधनासमोर खाली बसून म्हणाल्या, "चूक माझी झाली. मी तुझं डोकं पाहिलं, यांचे हात पाहिले नाहीत." त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या आधी येऊ लागल्या. गोलातल्या जोड्या रोज स्वतः बदलू लागल्या. डोकी सगळ्यांचीच पाहिली, एकेकीचं, आत नेऊन. निकितालाही बाजूला घेऊन त्या तिच्याशी बोलल्या, आणि मग तिच्या घरी गेल्या.

"पोरीसोरीची मस्करी हाये बाई," रामराव म्हणाले. "तिच्यापायी माह्या पोरीले बोल लावता? मंग गोदाम आमाले लागते."

ताईंनी किल्ली टेबलावर ठेवली आणि परत आल्या.

आता वर्ग नलूच्या वस्तीतल्या विहाराच्या ओसरीवर भरतो. काही आया तिथे मुली पाठवेनात. ऊन लागतं म्हणे! गोदामाचा पत्रा तापायचा तेव्हा कोणाला ऊन लागलं नव्हतं. निकिता दोन महिन्यांनी एकटीच आली. ताईंनी तिला घेतलं. मी घेतलं नसतं, पण ताई माझ्यापेक्षा मनाने मोठ्या आहेत.

ताईंनी मला पुन्हा साधनापुढे धरलं, तर ती म्हणाली, "मले माह्याच केसानं नाचाचं हाये." ती आखूड केसांनी मध्ये नाचते आणि मी पेटीत पडून असते. माझा मान गेला याचं मला दुःख आहे, पण तिचं म्हणणं रास्त आहे.

मित्रांनो, कुणाचा स्पर्श पुसून टाकायचा खेळ दिसला, तर फुली करून सुटू नका. तिथल्या तिथे त्या लेकराचा हात धरा आणि मोठ्या माणसाला सांगा. त्याने ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. उशीर करू नका. कारण आता साधनाचा हात सगळ्या धरतात, निकितासुद्धा. पण कोणी हात पुढे केला की साधना आधी आपला तळवा फ्रॉकला घासून पुसते, आणि मगच देते.