पेरणारा वेडा होता का?

"आत उपासनेत एवढासा जरी आवाज आला ना, तर पोरांचा वर्ग आजपासून बंद. टीव्ही दुरुस्त होऊन आला की मग बघू," असं म्हणत पाळकीणबाईंनी, म्हणजे धर्मगुरूंच्या बायकोनं, चर्चच्या मागच्या खोलीची किल्ली मावशीच्या हातावर टेकवली.

मावशी गावातली गिरणीवाली. आठवड्याचे सहा दिवस पट्ट्याच्या खडखडाटात उभी राहून तिचा गळा असा काही मोठा झाला होता, की ती लाडानं बोलली तरी समोरच्याला वाटायचं, बाई भांडायला आलीय.

"टीव्ही येईस्तोवर पोरं काय माळ्यावर ठेवायची?"

"आयांजवळ बसतील."

"मग ना पोरं ऐकणार, ना आया!"

"हळू बोला हो!" पाळकीणबाईंनी कानावर हात ठेवला. "तुमचाच आवाज आत जातोय."

मावशीनं ओठ मिटले. वाचायला तिला जेमतेम यायचं. जे काही देवाधर्माचं ठाऊक होतं, ते लहानपणी याच खोलीत चटईवर बसून ऐकलेलं. मागच्या आठवड्यात वीज कडाडली आणि वर्गात पोरांना गोष्टी दाखवणाऱ्या टीव्हीनं मान टाकली, तेव्हा तिला मनातून बरंच वाटलं होतं. पण एकदा कुलूप लागलेली खोली लाकूडफाटा ठेवायच्या कामाला लागते, हेही ती ओळखून होती.

चौदा पोरं चटईवर बसली आणि रिकाम्या भिंतीकडे बघत राहिली.

"मावशी, चालू कर ना," एकजण म्हणाला.

"आज मीच चालू होते. ऐका. एक होता पेरणारा. तो निघाला पेरायला. थोडं बी पडलं वाटेवर..."

"का?"

हा प्रश्न मिरचीचा. पाच वर्षांची, नांगरवाल्याची धाकटी. नाव घरच्यांनी दुसरंच ठेवलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात नव्हतं.

"का म्हणजे? पडलं. ते पाखरांनी खाल्लं. थोडं पडलं खडकावर..."

"खडकावर कोण पेरतं?" मिरची उभीच राहिली. "माझ्या बापानं असं केलं तर आई त्याला घरात घेणार नाही. वेडा होता का तो?"

"वेडाच होता!" बाकीच्या तेरा जणांनी निकाल दिला.

धान्यात मावशीचं अख्खं आयुष्य गेलं, पण ते वरून जात्यात पडतं आणि खालून पीठ होऊन येतं, एवढाच तिचा आणि धान्याचा संबंध. टीव्हीवर हे बरं असतं, तिला वाटलं, पेरणारा पेरून निघून जातो, त्याला कुणी धरून विचारत नाही.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "चला, पेरूनच बघू."

गिरणीतून आणलेली गव्हाची पिशवी तिनं उचलली. मोजायला शिकवावं म्हणून आणली होती. चर्चमागं परसात भाजीसाठी खणलेला तुकडा होता. एका बाजूनं पायवाट, दुसऱ्या बाजूला दगडांचा ढीग, पलीकडं काटेरी कुंपण. मुठी भरल्या गेल्या.

"हे बियाणं नाही, दळणाचं आहे," मिरचीनं दाणे निरखून सांगितलं.

"असू दे गं बाई! फक्त मातीतच टाकायचं हं. एक दाणा बाहेर नको."

चौदा मुठी सुटल्या. वारा होताच. दाणे वाटेवर गेले, दगडांत गेले, एका पोराच्या कानात गेले. शेजारच्या कोंबड्या निरोप धाडल्यासारख्या धावत आल्या. "हाड, हाड!" करत पोरं त्यांच्यामागं. मावशीनं "गप्प बसा!" अशी हाक दिली आणि तीच सगळ्यांत मोठी निघाली.

आतून पंचकाका आले. मंडळीतले सगळ्यांत जुने शेतकरी, प्रवचनात डुलकी घेण्यातही सगळ्यांत जुने.

"पाळकीणबाईंनी पाठवलंय. वर्ग बंद करा म्हणाल्या."

मावशीचा चेहरा पडला. तिनं पिशवीचं तोंड आवळलं.

"काका," मिरचीनं त्यांचा सदरा ओढला, "पेरणारा वेडा होता का?"

"कोण म्हणतं?" काकांची झोप उडाली. "तेव्हा काय पेरायचं यंत्र होतं? हातानं फेकायचं. आणि कडेपर्यंत पीक हवं, तर थोडं कडेबाहेर सांडणारच. हात आखडला की कडा मोकळ्या राहतात, पोरी. ती पिशवी सोड गं मावशी, दाखवतो."

काकांनी वहाणा काढल्या.

त्यांना बोलवायला सुतार आला. "मनगट चुकतंय काका," म्हणून तोही थांबला. सुताराला बोलवायला मिरचीचा बाप आला, त्यानं दोघांच्याही चुका काढल्या. मग आयाच आल्या. शेवटी पाळकीणबाई आल्या, आणि त्यांच्यामागं, ऐकायला कुणीच उरलं नाही म्हणून, खुद्द पाळकसाहेब.

"मावशी," पाळकीणबाई म्हणाल्या, "काय ठरलं होतं आपलं?"

"आवाज झाला खरा," मावशीनं कबूल केलं आणि किल्ली पुढं केली.

पाळकीणबाईंनी ती घेण्याआधीच मिरचीनं पाळकसाहेबांच्या हातात मूठभर गहू कोंबला. "तुम्ही टाका."

पाळकसाहेब शहरातले. त्यांनी वाऱ्याच्या तोंडावर उभं राहून झोकात हात फिरवला. सगळा गहू परत येऊन त्यांच्या दाढीत बसला. पोरं मातीत लोळून हसली. हसू आवरता आवरता पाळकीणबाईंना पदर तोंडाला लावावा लागला.

साहेब दाढीतले दाणे वेचत म्हणाले, "सहा वर्षं येशूच्या दाखल्यातली ही गोष्ट सांगतोय मी. तो वेडा होता का, असं मला एकानंही विचारलं नाही." मग बायकोकडं वळले. "किल्ली त्यांच्याकडेच राहू दे."

"आणि टीव्ही?"

"तो बसेल आपल्या घरी. तू बघ."

मावशीनं उगाच पिशवी झटकली.

"पुढच्या रविवारी काय, मावशी?" पंचकाकांनी वहाणा शोधत विचारलं.

"महापुरात जनावरं वाचवणारं नोहाचं तारू," मावशी म्हणाली. "प्रत्येक जनावराची एकेक जोडी लागेल."

तेव्हा ज्यांच्या घरी शेळ्या होत्या, ते त्या दडवायला लगबगीनं घराकडं निघाले.