पासिर हितमची शाळा हलली

कोनसेंग मोटारीतून उतरला तेव्हा फुईमोई बाई चिनी शाळेच्या पायरीवर फळा पुसायचं फडकं झटकत होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रोज येऊन एक तास घ्यायच्या. पोरं बोटांवर मोजण्याइतकी उरलेली, त्यांत चिनी एकही नाही. कथिलाच्या खाणी बंद पडल्या आणि मलेशियातल्या या पासिर हितम गावातली चिनी घरं एकेक करून इपोहला, सिंगापूरला निघून गेली.

"ठरलं बाई एकदाचं," कोनसेंग म्हणाला. आता शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष असला, तरी एकेकाळी त्याने बाईंच्याच हातचा मार खाल्लेला. "शाळा इपोहजवळच्या नव्या वसाहतीत हलवायची. तिथं प्रवेशासाठी रांग लागलीय."

"हलवायची म्हणजे? इमारत डोक्यावर घेऊन जाणार का रे?"

"इमारत नवी. नाव तेच, परवाना तोच."

"आणि मी?"

कोनसेंग चष्मा पुसत बसला. "उद्घाटनाला या ना. शाळेचा इतिहास तुमच्याशिवाय सांगणार कोण?"

बाई गेल्या. ढोल वाजले, सिंहाची सोंगं नाचली, गारेगार सभागृहात त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. नाव पुकारल्यावर त्या उठल्या आणि शाळा कशी उभी राहिली ते सांगू लागल्या. वडील आणि त्यांचे सोबती खाणीवरची पडकी शेड मोडून, सुट्टीच्या दिवशी फळ्या खांद्यावरून वाहून आणत. पहिल्या मास्तरांना गाव पाळीपाळीने जेवू घाली. वडिलांची आठवण निघाली की बाईंच्या तोंडी हाक्का, घरची चिनी बोली, यायची. आजही तीच आली. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"आजी कुठली भाषा बोलतायत गं?" पुढची एक मुलगी शेजारणीला मोठ्यानं म्हणाली.

मुख्याध्यापिका हलकेच जवळ आल्या. "बाई, मँडरिनमधून सांगाल का?"

बाईंनी सांगितलं. वर्गात जन्मभर हीच भाषा शिकवलेली, अडखळायचं कारण नव्हतं. पण तीत वडिलांचे 'संस्थापक' झाले आणि फळ्यांनी त्यांचा खांदा सोलवटल्याचं सांगायचं राहूनच गेलं. टाळ्या मात्र खूप पडल्या.

सोमवारी सकाळी पाय सवयीनं शाळेकडे वळले. फाटकाला कुलूप. तेवढ्यात स्कूटरवरून रोहाना आली. मलय घरातली पोर, याच शाळेत शिकलेली. मधल्या सुट्टीत खेळता खेळता हाक्का उचललेली. गावात बाईंशी हाक्कात बोलणारी आता तीच एकटी.

"जेवलात का बाई?" हाक्कात नमस्काराच्या जागी हेच विचारतात.

"जेवले गं. तुझी लेक सुराया आता मलय शाळेत जाणार?"

"कसली जाते! चिनी शाळाच पाहिजे म्हणून अडून बसलीय. ह्यांनी इपोहला काम बघितलंय. शनिवारी निघतो आम्ही."

"तूही?"

"शाळाच तिकडे गेली ना. माझी शाळा आहे ती, बाई." बोलून गेल्यावर रोहाना ओशाळली. "तुम्हीपण चला. एक खोली देते तुम्हाला."

"या वयात कुठं नवं बिऱ्हाड मांडू? जा तू. पोरीचे उच्चार बघ मात्र, फार घाई करते."

शनिवारी सामानाचा टेंपो हलला. बाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, "सावकाश जा गं," म्हणाल्या. गावात हाक्कातून कुणाला काही सांगायची ती शेवटचीच वेळ. त्यानंतर भाजीवाल्याशी मलय, दवाखान्यात मलय. घरी बोलायला कुणीच नव्हतं.

एप्रिलमध्ये चिनी लोकांच्या पितरांच्या दिवशी त्या एकट्याच टेकडीवर गेल्या. शेजारच्या थडग्यांवर कंबरेएवढं गवत माजलेलं. त्यांची माणसं आलीच नव्हती. बाईंनी वडिलांचं थडगं साफ केलं, उदबत्त्या लावल्या, संत्री मांडली आणि मग हाक्कातून आवाज फुटला.

"शाळा छान चाललीय, बाबा. पोरं एवढी, की बसायला जागा पुरत नाही."

कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही. उदबत्त्या विझेपर्यंत त्या तिथंच बसून बोलत राहिल्या.