सासूबाईंना धक्का बसेल म्हणून

माझ्या थोरल्या दिरांचं औषधांचं दुकान आहे. गल्ल्यावर बसून बसून आपण अर्धे डॉक्टर झालो, असा त्यांचा समज. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करताना खड्ड्यात पडून गेला, तेव्हा त्यांनी परस्पर निदान केलं की आईला धक्का सोसणार नाही. सासूबाई तेव्हा खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होत्या. मोडलं होतं ते हाड, काळीज ठणठणीत होतं. पण दीडशहाण्याला सांगणार कोण?

धाकट्याला कंपनीनं परदेशी पाठवलंय, असं ठरलं. मला कोणी विचारलंही नाही. सासूबाई घरी, दिरांकडे आल्यावर मी फक्त दर रविवारी तिथे जाऊन हसायचं. दारातच दीर माझा चेहरा तपासायचे आणि ‘डोळे पूस आधी’ म्हणायचे. त्यांना स्वतःला मात्र या कामाची भलतीच गोडी लागली. पॅसेजमध्ये उभे राहून बंद फोनवर भावाशी मोठमोठ्यानं बोलायचे. एकदा तर मेलेल्या माणसाला सर्दी झाली आणि यांनी गोळ्याही सुचवल्या. नातेवाइकांना त्यांच्या मोठ्या मनाचं कोण कौतुक! कसलं मोठं मन? रडणाऱ्या आईसमोर बसायची छाती नव्हती, एवढंच. भित्र्या माणसानं दयेचं पांघरूण घेतलं की लोक त्याला देवमाणूस म्हणतात.

सासूबाईंना आधी काळजी वाटली, मग राग आला. भावाशी तासन्‌तास बोलतो, आईशी दोन शब्द बोलायला याची जीभ झडते का? मग मीच त्याचे कान भरले असणार, असं निघालं. मी गिळलं. दीर छताकडे बघत राहिले. पंख्यात काय दिसत होतं कोण जाणे.

एका रविवारी सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, “माझं काही बरंवाईट झालं आणि तो आला, तर त्याला माझ्या अंगाला हात लावू देऊ नका. असला मुलगा मला नको.”

दीर म्हणाले, “बरं.”

नुसतं बरं! ज्या मुलानं दर आठवड्याला येऊन, जमिनीवर मांडी घालून आईच्या पायाची नखं कापली, त्याला ती असं तोडत होती, आणि याला ते चालत होतं. माझं डोकंच फिरलं. दीर चहा आणायला आत गेले, तसं मी दार लोटलं आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. खड्डासुद्धा.

त्या रडल्या. तोंडात पदर कोंबून रडल्या. काळीज काही फुटलं नाही. मग माझा हात धरून म्हणाल्या, “म्हणजे तो मला विसरला नव्हता.” पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिल्या. इतके महिने या बाईला कसला घोर लागला होता, ते मला तेव्हा कळलं आणि दिराची किळस आली.

तेवढ्यात दीर ट्रे घेऊन आले. आमच्या तोंडांकडे न बघताच म्हणाले, “आई, आत्ताच धाकट्याचा फोन येऊन गेला. तुझी खूप आठवण काढत होता.”

“अजून काय म्हणाला?”

“लवकरच येतो म्हणाला.”

सासूबाईंनी त्यांच्या हातातून कप घेतला आणि बाजूला ठेवला.

“मी मेले ना,” त्या म्हणाल्या, “की तेवढं मला सांग रे बाबा. नाहीतर तेही लपवून ठेवशील.”