विमानातली दुसरी सीट

आमचे हे, म्हणजे मुस्तफा, इकडे आखातात, गाला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या गॅरेजात गाड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. विमानाशी त्यांचा संबंध एवढाच, की सुट्टी मिळाली की त्यात बसून मुंबई आणि पुढे रत्नागिरी. पण गॅरेजचे मालक खलफान, इकडच्या बोलीत अर्बाब म्हणजे शेठ, यांना उतारवयात उडायचा नाद लागला. २०१४ साली त्यांनी सुट्या भागांचं दोन सीटचं विमान मागवलं, सीब गावाबाहेरच्या आपल्या खजुराच्या बागेतल्या शेडमध्ये ते जोडलं आणि त्याचं इंजिन ह्यांच्या गळ्यात घातलं. इंजिन शेवटी इंजिनच, असं अर्बाबांचं म्हणणं. ह्यांनी मान डोलावली. नको तिथे मान डोलवायची ह्यांना सवयच आहे.

त्या इंजिनाने ह्यांची मती गुंग केली. चालू व्हायचं झकास, थोडा वेळ नीट चालायचं आणि मग ठसके देत बंद पडायचं. हे जाऊन बघायचे, तर कुठे काहीच नाही. पुन्हा चालू केलं की शहाण्यासारखं चालायचं, थोड्या वेळाने परत तेच. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर धुऊन झाले. पंप बदलला, फिल्टर बदलला, इंजेक्टरांना हुकूम सोडणारा छोटा कॉम्प्युटरही बदलला. जेवताना हे घास हातात धरून तसेच बसायचे. औषध न देताच बरा होणारा रोगी मी जन्मात बघितला नाही, म्हणायचे.

माझी झोप वेगळ्याच कारणाने उडाली होती. गालाच्या गॅरेजांत रीत आहे, गाडी ज्याने दुरुस्त केली तोच ट्रायलला मालकाशेजारी बसतो. अर्बाबांनी तीच रीत विमानाला लावली. एवढे नवे भाग घातल्यावर इंजिन सुधारलंच, असं त्यांनी ठरवून टाकलं. शनिवारी सकाळी ते उडणार आणि शेजारी आमचे हे. घरात दोन लहान मुली, आणि ह्यांना नाही म्हणता येईना. मी रडून बघितलं, अबोला धरून बघितला. त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मी हट्टाने डबा घेऊन शेडवर गेले. विमान पहिल्यांदाच जवळून बघितलं. आमची मोरी त्या बसायच्या जागेपेक्षा मोठी आहे. अर्बाबांनी इंजिन चालू केलं आणि ते ठरल्यासारखं खोकत बंद पडलं. हे लगेच पंखावरचं टाकीचं झाकण उघडायला निघाले. गाडी बंद पडली की आधी टाकीत बघायचं, हा गॅरेजातला पहिला धडा. मी आडवी आले. पेट्रोल आत्ताच माझ्यासमोर भरलंय, तेच तेच काय बघता, आधी दोन घास खा, म्हटलं. माझ्या तोंडाला कंटाळून ह्यांनी पहिल्यांदाच झाकण तसंच सोडलं, भाकरी हातात घेतली आणि अर्बाबांना पुन्हा चालू करायची खूण केली.

इंजिन चालू होईना. दोन ठसके आणि बंद. हे माझ्याकडे बघायला लागले. माझाच पायगुण की काय, असं मलाही वाटलं. शेवटी भाकरी ठेवून हे उठले आणि त्यांनी झाकण फिरवलं. फुस्सकन आवाज झाला. त्यानंतर इंजिन एका दमात चालू.

हे झाकण हातात धरून नुसते उभे राहिले. मग पंखाखाली आडवे झाले. बाहेर आले तेव्हा चिमटीत एक रबरी टोपी होती. पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत हवा यायला पंखाखाली एक बारीक नळी असते. हवा आली नाही, तर पंपाला पेट्रोल ओढवत नाही. टाकी भरलेली असली की उन्हात त्या नळीतून थेंब पडायचे. ह्यांनी ती गळती समजून मागेच टोपी बसवून टाकली होती, अगदी क्लिप लावून. आणि दर वेळी झाकण उघडून स्वतःच हवा आत सोडत होते.

मी डोळ्यांनी खुणावलं, टोपी खिशात घाला आणि गप्प राहा. नोकरी गेली तर खायचं काय? पण हे सरळ अर्बाबांपुढे गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले. अर्बाब चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"और क्या-क्या बंद किया, मुस्तफा?"

ह्यांना आठवेना. गाडी समजून काय काय घट्ट केलं, काय काय बुजवलं, ह्यांना खरंच सांगता येईना. अर्बाब हळूच म्हणाले, खलास, पुरे झालं, उद्या मी एकटाच जातो, तू बाळबच्चेवाला आहेस.

मला हवं होतं तेच झालं होतं. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. पण त्या म्हाताऱ्याला ह्यांच्या हातच्या इंजिनावर एकटं वर जाताना मला बघवणार नव्हतं, आणि ह्यांचा पडलेला चेहरा तर आत्ताच बघवत नव्हता. मी पदर सावरून पुढे झाले.

"अर्बाब, कल मत जाओ. और जब जाओगे, इनको बाजू में बिठाओ. खुद बैठना है तो सब खोलके देखेंगे."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळलेलं नाही. अर्बाबांनी थोडा विचार करून मान हलवली. आमचे हे माझ्याकडे बघत राहिले, मीच त्यांना विमानातून ढकलून दिल्यासारखे. मग टॉर्च घेऊन परत पंखाखाली शिरले.