मागच्या वाफ्याचं पाणी

हरिसिंगच्या तांड्यात होळीच्या दुसऱ्या दिवशी धुंड असे. वर्षभरात जन्मलेलं मूल मांडवाखाली आणायचं, त्याच्या डोक्यावर काठ्या धरून गाणी म्हणायची. जिची कूस उजवली नाही तिनं त्या मांडवात पाऊल ठेवायचं नाही. हरिसिंगची पहिली बायको धनीबाई अशा नऊ होळ्या शेतात जाऊन बसली. नवव्या होळीनंतर तांड्याच्या नायकानं सोडचिठ्ठीची काडी मोडली आणि ती बोरी अरबजवळ भावाच्या तांड्यावर निघून गेली.

आता दुसरी, सोनीबाई, तीन होळ्या शेतात बसली होती. हरिसिंगची आई रामीबाई तिसरीच्या शोधात होती.

"एक डाव दवाखान्यात जाऊन या," सोनीबाई म्हणाली. "मंग खुशाल काढून द्या मले."

"मले काय धाड भरली?" हरिसिंग म्हणाला. पण गेला. ते साल बासष्ट होतं, कापसाची वेचणी चालू होती.

यवतमाळचे घनश्याम डॉक्टर म्हातारे आणि सावकाश बोलणारे. त्यांनी पोटावरचा जुना व्रण पाहिला. विसाव्या वर्षी मूत्राशयातला खडा काढला होता, असं हरिसिंगनं सांगितलं.

"त्याच्यानंतर बायकोजवळ गेल्यावर काही बाहेर येते का?"

हरिसिंगनं मान खाली घातली, पण त्यात शरमेपेक्षा ऐट जास्त होती. "नाई जी. थेंब नाई. आखाड्याचे उस्ताद म्हणत, ज्याचं बाहेर पडत नाई त्याच्या अंगात मुरते. म्हणून तं एकटा गाडी उचलतो मी."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एक काचेची बाटली दिली, आधी काय करायचं आणि मग लघवी कशी धरायची ते हळू आवाजात समजावलं, आणि मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं. हरिसिंगनं बाटली आणून दिल्यावर तळाचा एक थेंब त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बराच वेळ पाहिलं.

"ये. तू पण पाह्य."

हरिसिंगला बारीक शेपट्यांचे ठिपके दिसले. दोन-चार वळवळत होते, बाकीचे निपचित पडले होते.

"हे माहे?"

"तुहेच. लघवीत जाऊन बहुतेक मेलेले." डॉक्टर खुर्चीवर बसले. "वावरात विहीर हाय ना? वाफे कसे भिजवतं?"

"एका वाफ्यात पाणी घ्याचं तं दुसऱ्याच्या तोंडाशी माती लावाची."

"बस. माणसाच्या मूत्राशयालेही असंच तोंड असते. त्या वेळी ते आपोआप मिटते, म्हणून वीर्य पुढं येते. खडा काढताना तुह्यं ते तोंड ढिलं झालं. आता पाणी मागच्या वाफ्यात जाते. अंगात मुरत नाई काही. लघवीवाटे निघून जाते."

"म्हणजे धनीचा काही दोष..."

"कोण धनी?"

हरिसिंगनं पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.  डॉक्टर म्हणाले, "परदेशात असं वीर्य मूत्राशयातून काढून बाईच्या पोटी मूल राहिल्याचं वाचलं हाय मी. आपल्याकडं ते कोणी करते का, मुंबईले लिहून विचारतो. भरवसा देत नाई. पण घरी जाऊन बाईले बोल लावू नको."

हरिसिंग घरी गेला नाही. एसटीनं थेट बोरी अरबला उतरला आणि पायी धनीबाईच्या भावाच्या शेतावर पोहोचला. कमरेला ओटी बांधून ती कापूस वेचत होती. केस पांढरे झाले होते. त्यानं विहिरीचं, वाफ्याचं, शेपट्यांचं सगळं सांगितलं.

धनीबाईचा हात थांबला नाही. "मले कायले सांगून राह्यले? मले ठाऊकच होतं, तुमचं काही बाहेर येत नाई म्हणून. मोठ्या भावजयीले इचारलं होतं मी, साऱ्याइचं असंच रायते का म्हणून."

"मंग नायकापुढं काहून नाई बोलली?"

"काय बोलू? तुमी आखाड्यात छाती ठोकून सांगत होते, ताकद हाय म्हणून. चार माणसाइत तुमची छाती खाली करू?" तिनं बोंड सोलून कापूस ओटीत टाकला. "वांझ म्हणवून घेतलं मी. आता सोनीले तरी नका म्हणवू."

होळीला हरिसिंगनं नायक फुलचंदपुढं, सगळ्या तांड्यादेखत सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "पैलवान रिकामाच निघाला की रे!" हसण्याची लाट उठली. रामीबाईनं तोंडावर पदर ओढला. हरिसिंग हसणं संपेपर्यंत उभा राहिला, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, कारण अर्ध्यांनी ऐकलंच नव्हतं.

फुलचंद नायक उठून उभा राहिला. मग म्हणाला, "काडी मी मोडली होती. गाडी जुंपा, धनीबाईले घेऊन या. उद्याच्या धुंडीचं पहिलं मूल धनीबाईच्या मांडीवर देऊ. सोनीबाईही मांडवात बसंल."

सोनीबाईनं आपली नवी गोधडी घडी करून गाडीत ठेवली. वाट खडकाळ होती, बसायला मऊ पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. काठ्या हातात घेऊन पोरं वाटेकडे बघत थांबली. तान्ही मुलं रडून रडून झोपी गेली. उन्हं कलली तेव्हा गाडी दिसली. हरिसिंग धावत पुढं गेला.

गाडीवान खाली उतरला आणि बैल सोडू लागला. गाडीत गोधडी होती तशीच, घडी न मोडलेली.