हुंकाराची रीत

कॉम्प्युटर प्रोग्राममधली चूक सापडत नसली का तो कोणाले तरी ओळ-ओळ मोठ्यानं सांगाचा, असा माह्या शिकवणीतला एक धडा आहे. मी निकिता. घाटंजीत घरी बसून नव्या प्रोग्रामरसाठी आपल्या वऱ्हाडीत व्हिडिओ बनवते. पुण्याच्या एका कंपनीनं हाच धडा मागतला होता. आज संध्याकाळपर्यंत आला नाही तर सगळा कोर्स दुसऱ्याले देतो म्हणे.

माह्यं ऐकणारं माणूस म्हणजे बाबा, सदाशिवराव. प्रोग्राम कशाशी खातात हे त्यायले ठाऊक नव्हतं. पण गोष्ट सांगणाऱ्याले हुंकार द्याचा असते, तसा ते बाजेवर पडल्या-पडल्या माह्या प्रत्येक ओळीले "हं" देत. एखाद्या ओळीवरून मी घाईनं निंगाले पाह्यलं का हं बंद.

"काहून थांबले, बाबा?"

"तुहाच आवाज ढिला पडला ना बाप्पा. पुन्हा सांग."

बहुतेक वेळा चूक तिथंच राहे. मंग आमचा नियमच झाला: हं थांबला का त्याच ओळीवर परत याचं.

पोळ्याच्या आधी बाबा गेले. तेव्हापासून मले काहीच वाटत नाही. रडूही आलं नाही. तेरवी झाली, सोयाबीन निंगालं, मी जेवते, झोपते. भेटाले येणाऱ्या बाया आईले म्हणत, "पोट्टी गोटा झाली वो, इंदुताई." मले ऐकू येई. त्याचंही काही वाटे नाही.

धड्यासाठी एसटीच्या वेळा दाखवणारा लहानसा प्रोग्राम लिहिला, तर त्यात शेवटची गाडी दिसेचना. दुसऱ्या कोणाची चूक असती तर चहा निवायच्या आत धरली असती. आज सकाळपासून नुसती पाहून राह्यली होती, डोक्स्यात काही उतरतच नव्हतं.

दुपारी आई वावरातून आली. हातपाय धुतले अन् सरळ बाबाच्या बाजेवर बसली. "सांग मले. मी हं म्हणते."

शेवटची गाडी दिसत नाही म्हटलं अन् मी सांगू लागली. "इथं साऱ्या गाड्या घेतल्या."

"हं."

"इथून एकेक गाडी दाखवत जाते."

"हं."

मी मुद्दाम म्हटलं, "इथं म्हैस दूध देते."

"हं."

"आई, तू ऐकूनच नाही राह्यली!"

"तुह्या तोंडाकडं पाहून राह्यली ना माय."

"राहू दे. थकली असशील, पड जरा. मी बरी आहो."

मी वाट पाह्यली. वर पंखा खडखडत होता, पण हं काही येईना.

नियम बाबाचा अन् माहाच होता. मी त्याच ओळीवर परत आली.

"आई, मी बरी नाही."

"हं," आई म्हणाली.

अन् मंग असं रडू फुटलं, का शेजारची लालीबाई पिठाच्या हातानं धावत आली. आई माह्या पाठीवरून हात फिरवत राह्यली. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं माह्यं नाक पुसलं अन् म्हणे, "आता पहिल्यापासून सांग. तुही शेवटची गाडी कुठं राह्यली, पाहू."