धाकटीच्या भिंगावरची काळी काच

फोटो ३

पाण्याच्या टाकीमागचं पठार. मधोमध माझी धाकटी जाऊ, भोवती घोळका. तासाभरापूर्वी इथं कोणी कोणाला ओळखत नव्हतं. आता एक नर्सबाई तिला आपल्या थर्मासमधला चहा देताहेत आणि एक बसचालक तिच्या कॅमेऱ्याच्या स्टँडच्या पायाखाली दगड सरकवतोय.

माझ्याही स्टँडला तीन पाय आहेत.

फोटो ४

हलला.

फोटो ९

ग्रहण सुरू झालं, सूर्याची कड कुरतडली गेली. एका निवृत्त मास्तरांनी चाळणी धरली आणि जमिनीवर शंभर कुरतडलेले सूर्य उमटले.

"तुम्ही दोघी बहिणी का?" त्यांनी विचारलं.

"जावा," मी म्हटलं.

"आणि एवढं जमतं?"

"ताईंनीच शिकवलं हो मला," धाकटी म्हणाली. "आधी मला कॅमेरा उलटा की सुलटा तेही कळत नव्हतं!"

सगळे हसले. हिचं हे असं. श्रेयसुद्धा असं देते की घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

फोटो १० ते ५६

सूर्य बारीक होतोय, तेवढ्यात सांगून घेते. आमचा घरचा फोटो स्टुडिओ. बावीस वर्षं मी तिथं ओळखपत्रांचे फोटो काढते. हनुवटी वर, कान दिसू देत, हसू नका. धाकटीला येऊन दीड वर्ष झालं. दुकानाच्या दर्शनी काचेत एकच मोठी चौकट आहे आणि तिच्यात आजवर फक्त सासऱ्यांनी काढलेले फोटो लागले. आज सकाळी ते म्हणाले, "दोघींपैकी जिचं ग्रहण चांगलं येईल, तिचं लावू." हे तिच्याकडे बघून. मग माझ्याकडे बघून, "जाताना शटर नीट ओढून घे."

फोटो ५७

केसाएवढी कोर. वारा एकदम गार.

"अगंबाई, काटा आला अंगावर," नर्सबाई म्हणाल्या.

सूर्य पूर्ण झाकला की भिंगापुढची काळी काच काढायची, नाहीतर फोटोत नुसता काळोख येतो. हे मी धाकटीला चारदा सांगितलं होतं. माझी मी काढली. कॅमेरा आपोआप फोटो घेत राहील असा लावून ठेवलेला होता.

"खग्रास लागलं! चष्मे काढा!" मास्तर ओरडले.

धाकटीच्या भिंगावर काच तशीच.

फोटो ५८ ते १२२

दोन मिनिटं दहा सेकंद. एक शब्द पुरे होता.

तिचा उजवा हात कॅमेऱ्याच्या खटक्यावर. डावा गालावर. बसचालक शिट्ट्या मारतोय. मागे कुणीतरी रडतंय. आता हिच्या लक्षात येईल. आता हात पुढे जाईल. गेला, नाही, पदर सावरला. मी तो हात बघत राहिले. वर काय चाललं होतं, मला माहीत नाही.

उजेड आला.

फोटो १२३

जमीन. घाईत काच परत बसवताना निघालेला.

धाकटीने पडद्यावर पाहिलं. काळं. पुढचं काळं. त्याच्या पुढचंही.

"ताई, काच! अहो, मी विसरलेच! वर बघत बसले ना वेड्यासारखी!" आणि ती हसत सुटली. नर्सबाईंनी तिला पोटाशी धरलं.

मग माझा कॅमेरा घोळक्यातून फिरला. एकही फोटो फुकट गेला नव्हता.

"वा, काय हात आहे बाई तुमचा!" मास्तर म्हणाले.

"मग! ताई आहेत त्या," धाकटी म्हणाली. तिचे डोळे अजून ओलेच होते. "पण ताई, खरं सांगू? ते यात नाही आलं. ते क्षितिजावर चहूकडून संध्याकाळ झाल्यासारखं... पाहिलंत ना?"

"हो, मग."

"आणि सूर्याशेजारचा तो तारा?" बसचालकाने मला विचारलं. "डावीकडे होता की उजवीकडे? आमची पैज लागलीय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी कॅमेरा परत घेतला, फोटो मोठा केला आणि तारा शोधायला लागले.